मोबाईलमधला सातबारा घावंना? कागदांना घर द्या, अन् सॉफ्टवेअरवाल्यांकडे मागणीही करा

"सायेब, सातबारा मोबाईलमध्येच हाय, पण घावंना झालाय."

जोतिबा डोंगराच्या पायथ्याला केर्ली असो, कुशिरे असो, गिरोली असो की पोहाळे, हे वाक्य आता पावसाच्या चौकशीइतके नेहमीचे झाले आहे. सोसायटीचे सचिव कर्जासाठी कागद मागतात, योजनेच्या अर्जाची मुदत संध्याकाळी संपणार असते आणि आपले बोट मोबाईलवर नुसते वरखाली फिरत राहते. नातवाचे फोटो सापडतात, पाहुण्यांच्या लग्नाचा व्हिडिओ सापडतो, सातबारा तेवढा सापडत नाही. शेवटी पुन्हा सेवा केंद्र, पुन्हा रांग, पुन्हा पैसे.

डिजिटल सहीचा सातबारा आपल्या राज्यात १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला. एका उताऱ्याचे शुल्क १५ रुपये. रक्कम किरकोळ वाटते. पण तीन गटांचे उतारे, त्यात आठ-अ, वर सेवा केंद्राची मजुरी आणि तालुक्याचा हेलपाटा धरला तर अर्धा दिवस आणि एक रोजगार बुडतो. मुदत चुकली तर नुकसान त्याहून मोठे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बहुतेक वेळा हा कागद आपल्या फोनमध्येच असतो. तो कुठल्या कप्प्यात जाऊन बसला हे तेवढे आपल्याला ठाऊक नसते. हा कप्पा कसा शोधावा, कागद पुन्हा हरवू नये म्हणून काय करावे, आणि ज्यांनी हे कप्पे तयार केले त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे आपण काय मागावे, या तीन गोष्टी आज पाहू.

फोल्डर म्हणजे रुमालच

फोल्डर हा शब्द ऐकून बिचकायचे कारण नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. त्यातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले आहेत. दफ्तरात रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. रुमालांची व्यवस्था नसती तर एवढ्या ढिगातून हवा तो कागद काढणे कोणाला जमले असते?

फोनमध्ये हेच आहे. फोल्डर म्हणजे रुमाल. फोल्डरात दुसरा फोल्डर म्हणजे रुमालातले पुडके. फाइल म्हणजे कागद. आणि हे सगळे दाखवणारे, हलवणारे, शोधून देणारे जे अ‍ॅप असते तो फाइल मॅनेजर, म्हणजे आपला दफ्तरदार. कुठल्या फोनवर त्याचे नाव 'माय फाइल्स' असते, कुठे 'फाइल मॅनेजर', कुठे नुसते 'फाइल्स'. गूगलचे 'फाइल्स' हे अ‍ॅप डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' या नावाने निघाले आणि २०१८ साली त्याचे नाव बदलले. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त फोनवर ते आधीपासूनच बसवलेले असते.

यात एक गंमत आहे, ती मात्र ध्यानात ठेवा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून आपला ७/१२. या दोन आकड्यांच्या मधली जी तिरकी रेघ आहे तीच रेघ अँड्रॉइड फोन 'या फोल्डरातला तो फोल्डर' असे दाखवायला वापरतो. त्यामुळे फाइलला '७/१२' असे नाव द्यायला गेलात तर फोन ते घेत नाही, नाहीतर रेघेच्या जागी दुसरेच चिन्ह घालतो. शेतकऱ्याच्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाचे नावच फोनला चालत नाही! म्हणून नाव अक्षरात लिहावे: 'सातबारा'.

सहा तक्रारी, सहा उपाय

पिकावर रोग दिसला की आपण आधी लक्षण बघतो आणि मग औषध. इथेही तसेच करू.

१) "डाउनलोड केला, पण दिसत नाही." इंटरनेटवरून उतरवलेला कागद सहसा 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरात जातो. फाइल मॅनेजर उघडा, 'डाउनलोड' वर बोट ठेवा आणि क्रम 'तारीख, नवीन आधी' असा लावा. आजचा कागद सगळ्यात वर येईल. एकच उतारा तीनदा उतरवला असेल तर नावापुढे कंसात १, २ असे आकडे दिसतात. त्यातला ताजा कोणता हे तारीख बघून ठरवा आणि बाकीचे काढून टाका. फाइलचा आकार शून्य दाखवत असेल तर ती अर्धवट उतरली आहे. घाटात रेंज तुटली की असे होते. अशी फाइल पुन्हा उतरवावी लागते.

२) "व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, आता कुठं गेला?" आलेल्या कागदावर खाली जाणारा बाण दिसत असेल तर तो अजून तुमच्या फोनमध्ये उतरलेलाच नाही, आधी बाणावर बोट ठेवा. उतरलेला कागद नव्या फोनमध्ये फार खोलवर जातो: अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचे फोल्डर आणि शेवटी 'व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स'. ही नावे इंग्रजीत दिसतील. एवढे खोल जायचे नसेल तर सोपी वाट आहे. ज्यांनी कागद पाठवला त्यांचे चॅट उघडा, वरच्या नावावर बोट ठेवा आणि मीडिया, लिंक, डॉक्युमेंट असे लिहिलेल्या जागी जा. तिथे त्यांनी पाठवलेले सगळे कागद तारखेने लावलेले असतात. कधी कधी फाइलचे मूळ नाव जाऊन तिथे लांबलचक आकडा येतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२५०६१२ म्हणजे १२ जून २०२५. एवढे समजले तरी निम्मा शोध संपतो.

३) "फोल्डर उघडला तर आत काहीच नाही." याची कारणे दोन. एक म्हणजे फोनची स्वतःची मेमरी आणि वरून घातलेले मेमरी कार्ड ही दोन वेगळी कोठारे आहेत. कार्डावर ठेवलेला कागद फोनच्या मेमरीत दिसणार नाही, दोन्ही ठिकाणी बघा. दुसरे कारण नव्या फोनचे. अँड्रॉइडची ११ वी आवृत्ती २०२० साली आली. तेव्हापासून प्रत्येक अ‍ॅपचा खाजगी कप्पा दुसऱ्या अ‍ॅपला उघडता येत नाही. 'अँड्रॉइड' फोल्डरातला 'डेटा' फोल्डर रिकामा दिसतो किंवा उघडतच नाही, तो यामुळे. फोन बिघडलेला नाही. आपले कागद चोरीला जाऊ नयेत म्हणून ही कुंपणाची व्यवस्था आहे. मात्र त्या खाजगी कप्प्यातली फाइल ते अ‍ॅप काढून टाकले की त्याच्याबरोबर जाते. तेव्हा कुठलेही अ‍ॅप काढण्याआधी त्यातले कागद बाहेर काढून घ्या.

४) "मागं जायला गेलो की सगळंच बंद होतंय." चार फोल्डर आत गेल्यावर परतायचे बटण एकदा जास्त दाबले की अ‍ॅपच बंद होते आणि पहिल्यापासून सुरुवात. यावर उपाय असा की पडद्याच्या वरच्या बाजूला बघा. बहुतेक फाइल मॅनेजरांत तिथे फोल्डरांची नावे ओळीने असतात, जसे गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता लिहावा. ज्या फोल्डरात जायचे त्याच्या नावावरच बोट ठेवा, थेट तिथे जाता. आणि कागद 'अलीकडील' यादीत दिसतोय पण त्याचा फोल्डर कळत नाही, असे असेल तर त्या फाइलवर बोट दाबून धरा, मेनूतून 'माहिती' किंवा 'तपशील' निवडा. तिथे पूर्ण पत्ता असतो. पत्त्याच्या सुरुवातीला 'स्टोरेज, इम्युलेटेड, शून्य' असे काहीतरी विचित्र येते. त्याचा अर्थ एवढाच, की फाइल फोनच्या स्वतःच्या मेमरीत आहे.

५) "नाव टाकून शोधलं, तरी न्हाई म्हणतंय." साधा फाइल मॅनेजर बहुधा फाइलच्या नावातच शोधतो, कागदाच्या आतला मजकूर वाचत नाही. उताऱ्यावर तुमचे नाव असले तरी फाइलच्या नावात ते नसेल तर सापडणार नाही. शिवाय मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा हे पुष्कळ फाइल मॅनेजरांना वेगवेगळे वाटतात. नाव 'गट ११२' असे मराठी आकड्यात असेल आणि तुम्ही इंग्रजी आकड्यात शोधले तर उत्तर 'काही नाही'. आणखी एक भानगड आहे. 'शेतकऱ्या' मधला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण यंत्राला निराळे. म्हणून शोधताना शब्दाचा सुरुवातीचा तुकडा तेवढा टाका, 'शेत' एवढेच.

६) "सापडला, पण उघडत नाही." आधार कार्डाची उतरवलेली प्रत पासवर्ड मागते आणि लोकांना वाटते फाइल खराब झाली. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि लगेच पुढे जन्मसाल. दुसरा कुठला पीडीएफ उघडत नसेल तर फोनमध्ये पीडीएफ वाचणारे अ‍ॅप आहे का ते बघा.

कागदांचा खण असा लावा

सापडलेला कागद आहे तिथेच ठेवला तर पुढच्या महिन्यात पुन्हा हीच वणवण. तेव्हा फाइल मॅनेजरमध्ये फोनच्या मेमरीत 'डॉक्युमेंट्स' फोल्डर उघडा आणि त्यात 'शेती' नावाचा नवा फोल्डर करा. त्याच्या आत फक्त पाच:

०१ जमीन: सातबारा, आठ-अ, फेरफार, नकाशा.
०२ पीक: माती परीक्षण अहवाल, ई-पीक पाहणीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट, बियाणे-खताच्या पावत्या, रोग-किडीचे फोटो.
०३ पैसा: बँक, सोसायटी, विमा.
०४ कारखाना: ऊस नोंद, वजन पावती, बिल.
०५ ओळख: आधार, पॅन, शेतकरी ओळख क्रमांक.

पाचाच्या पुढे जाऊ नका आणि आतल्या फोल्डरात आणखी फोल्डर करू नका. जास्त आत गेलेला कागद आणि माळ्यावर टाकलेला विळा सारखाच.

नावापुढे आकडा कशाला, असे कोणी विचारील. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला डोंगरावर लाखो भाविक येतात, गुलालात माणूस माणसाला ओळखत नाही, तरी सासनकाठ्यांची मिरवणूक बिनघोर निघते, कारण प्रत्येक काठीचा मानाचा क्रमांक ठरलेला आहे. फोनमधल्या फोल्डरांनाही क्रमांक दिला की ते रोज त्याच जागी दिसतात, आणि बोटाला सवय होते. आकडा मात्र ०१, ०२ असा दोन अंकी लिहा. नुसते १, २ लिहिले आणि पुढे कधी दहावा फोल्डर केला, तर काही फाइल मॅनेजर दहाला दोनच्या आधी नेऊन बसवतात.

फाइलचे नाव देण्याची एकच रीत धरा. काय कागद, कुठला गट, कुठल्या तारखेचा: 'सातबारा गट ११२ २०२५-०६-१२'. वर्ष पुढे लिहिले की नावाच्या क्रमाने लावले तरी जुने-नवे आपोआप रांगेत बसते. आकडे मराठी वापरा किंवा इंग्रजी, पण घरातल्या सगळ्यांनी एकच वापरा. काही ठिकाणी ऑनलाइन अर्जात मराठी नावाची फाइल घेत नाहीत. तेव्हा तिची प्रत काढून प्रतीला इंग्रजी अक्षरात नाव द्या आणि मूळ तशीच राहू द्या.

फोटोंबद्दल वेगळे सांगायला हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या जिल्ह्याने महापूर पाहिला. अशा वेळी पाण्यात गेलेल्या पिकाचा फोटो हा पुरावा असतो. कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोत तारीख-वेळ नोंदलेली असते, आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि ही नोंद निघून जाते. म्हणून पंचनाम्यासाठी पाठवायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फोटो '०२ पीक' मध्ये राखून ठेवा. हुमणीने वाळलेल्या उसाचे किंवा तांबेऱ्याच्या सोयाबीनचे फोटो तारखेसह जपले तर पुढच्या हंगामात आम्हा कृषी खात्याच्या माणसांनाही सल्ला देणे सोपे जाते.

आणि एक. हा खण घरातल्या किमान दोघांना ठाऊक असू द्या. उतारा आईच्या नावावर, फोन पोराच्या हातात आणि पोरगं कामाला पुण्यात, अशी स्थिती वाडीवाडीला आहे. आईच्या, वहिनीच्या फोनमध्येही हाच फोल्डर याच नावाने करून द्या.

हे मात्र करू नका

फोन भरला की फाइल मॅनेजर 'जागा मोकळी करा' म्हणून मागे लागतो. जुन्या मोठ्या फाइली, दुहेरी प्रती, व्हॉट्सअ‍ॅपची मीडिया अशी यादी दाखवतो आणि आपण घाईत सगळ्यावर खूण करून टाकतो. त्यात सातबाराही जातो. यादी उघडून बघितल्याशिवाय काही काढू नका. चुकून गेलेच तर गूगल फाइल्समधली 'ट्रॅश' पेटी बघा. त्यात टाकलेली फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते.

सेवा केंद्राच्या संगणकावर तुमचा कागद उतरवला तर तो त्या संगणकाच्या 'डाउनलोड' फोल्डरात पडून राहतो. दिवसभरात पन्नास लोकांची आधार कार्डे, पासबुके तिथे साठतात आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही ती दिसू शकतात. छपाई झाली की "माझी फाइल काढून टाका, कचरापेटीतूनबी काढा," असे समोर उभे राहून सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही. कागद तुमचा आहे.

कुठलाही फाइल मॅनेजर जाहिरात बघून उतरवू नका. 'ईएस फाइल एक्सप्लोरर' हे एके काळी गावोगावी चालणारे अ‍ॅप. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली त्यात ते होते, आणि फाइली इकडून तिकडे पाठवायची शेअरइट व झेंडर हीसुद्धा होती. फाइल मॅनेजरला आपण सगळ्या कागदांची किल्ली देतो. ती कोणाला द्यायची याचा विचार नको का? फोनबरोबर आलेला दफ्तरदार बहुतेक कामांना पुरतो.

वारणेने शिकवलेला धडा

आता सॉफ्टवेअरवाल्यांकडे वळू. इथवर वाचून कोणाच्याही मनात येईल, की एवढ्या खटपटी शेतकऱ्यानेच का कराव्यात? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच पन्हाळा तालुक्यात मिळते.

१९९८ साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना देशभर गाजली. शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, पीक सल्ला, सरकारी माहिती मिळावी असा हेतू होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी पाहिले, तर संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन, खताची उचल, बिल अशा कारखान्याच्या नोंदींपुरता होत होता. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. ठरलेल्या रीतीने संदेश पाठवला की शेतकऱ्याला आपल्या खात्याची माहिती उलट संदेशात मिळे. २००७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. संगणकावरचे तेच काम कमी खर्चात होत होते आणि शेतकऱ्यांनाही ही रीत पसंत पडली.

यातून घ्यायचे ते असे. शेतकऱ्याला फोल्डरांच्या जंगलात फिरायची हौस नाही. "माझं वजन किती भरलं?" एवढा त्याचा प्रश्न, आणि त्याला एका ओळीचे उत्तर हवे. आजचे फाइल मॅनेजर ज्यांनी बनवले त्यांच्यासमोर गाणी, फोटो, सिनेमे साठवणारा माणूस होता. गट नंबर, हंगाम आणि एकत्र कुटुंब असलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. तो आपणच उभा केला पाहिजे. त्याकरिता या मागण्या सुचवतो:

एक, कागद उतरतानाच फोनने विचारावे, "याचे नाव काय ठेवू, कुठे ठेवू?" बाळाचे बारसे घरी आल्यावरच करतात, वर्षाने नाही.

दोन, मराठी आणि इंग्रजी आकडे एकच मानून शोधावे, आणि 'ऱ्य' कुठल्याही तऱ्हेने लिहिला तरी सापडावा.

तीन, पीडीएफच्या आतला मराठी मजकूर वाचून शोधावे. "गट ११२" असे बोलून विचारले तरी उतारा समोर यावा, आणि हे इंटरनेटशिवाय व्हावे. डोंगराच्या आडोशाला रेंज सगळीकडे नसते.

चार, प्रत्येक फाइलखाली तिचा पत्ता समजेल अशा मराठीत लिहावा: "फोनच्या मेमरीत, डाउनलोडमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली."

पाच, परतायचे बटण दाबल्यावर अ‍ॅप एकदम बंद होऊ नये, आणि पुन्हा उघडल्यावर शेवटचा फोल्डरच समोर यावा.

सहा, 'हे काढू नये' अशी खूण करता यावी. तशी खूण असलेला कागद साफसफाईच्या यादीत येताच कामा नये.

सात, एकाच घरातील दोन-तीन फोनांवर एक फोल्डर सारखा ठेवता यावा, आणि त्यासाठी सगळे कागद बाहेर कुठे पाठवावे लागू नयेत.

यातल्या काही सोयी कुठल्या कुठल्या अ‍ॅपात तुटक स्वरूपात मिळतात. सगळ्या एकत्र, मराठीत, आठ-दहा हजारांच्या फोनवर मिळाव्यात, ही आपली मागणी.

तक्रार रोगासारखी सांगा

"पीक वाळतंय, औषध सांगा," एवढ्यावर आम्हाला निदान करता येत नाही. वाण कोणता, लावण कधीची, वरची पाने पिवळी की खालची, पाणी कधी दिले, आधी काय फवारले, हे सांगितले तर उपाय निघतो. सॉफ्टवेअरवाल्यांचेही असेच आहे. "अ‍ॅप बेकार आहे" असे लिहून एक चांदणी दिली तर ते काय दुरुस्त करणार?

बहुतेक फाइल मॅनेजरांच्या मेनूत 'मदत' किंवा 'अभिप्राय' अशी जागा असते. प्ले स्टोअरवरही मराठीत लिहिता येते. तिथे पाच गोष्टी लिहा. फोन कोणता. अँड्रॉइड आणि अ‍ॅपची आवृत्ती कोणती (ती सेटिंगमध्ये 'फोनविषयी' आणि 'अ‍ॅप' या ठिकाणी मिळते). काय केले, पायरीपायरीने. काय व्हायला हवे होते. प्रत्यक्षात काय झाले. सोबत स्क्रीनशॉट जोडा, पण त्यातला आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल नंबर आधी झाकून. एका संदेशात एकच तक्रार लिहावी. नमुना म्हणून असे:

"फोन अमुक, अँड्रॉइड १३. फाइलच्या नावात मराठी आकड्यात ११२ लिहिले आहे. इंग्रजी आकड्यात ११२ शोधले. फाइल दिसायला हवी होती. 'काही सापडले नाही' असे आले. महाराष्ट्रात जमिनीचे कागद गट नंबराने शोधतात, म्हणून दोन्ही आकडे एकच मानावेत."

असा संदेश एकाने पाठवला तर कदाचित कोणी बघणारही नाही. बचत गटातल्या वीस भगिनींनी, तरुण मंडळातल्या तीस पोरांनी पाठवला तर बघावाच लागेल. दुधाच्या फॅटची तक्रार आपण संस्थेत एकट्याने करत नाही, चौघे मिळून करतो. हीसुद्धा तशीच करायची.

तेव्हा येत्या रविवारी धार काढून, वैरण टाकून झाली की अर्धा तास काढा. घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला जवळ बसवा. 'शेती' फोल्डर करा, पाच खण पाडा, सातबारा, आठ-अ आणि बँकेचा कागद असे तीन तरी त्यात हलवा. मग फोन पोराच्या हातून घ्या आणि सातबारा स्वतः उघडून बघा. दोनदा बघा. सचिवांपुढे उभे राहाल तेव्हा तो तुमचा तुम्हालाच काढता आला पाहिजे.